मतपत्रिकेच्या शेवटच्या पानावरचं राजकारण: कॅलिफोर्नियात लोकल मेजरवर काम सुरू करायचं असेल तर

निवडणूक जवळ आली की आपल्या ग्रुपवर वॉशिंग्टनच्या बातम्यांचा पूर येतो, कोण काय बोललं, कोर्टानं काय केलं, आणि सगळे चिडून झोपायला जातात. चिडणं बरोबरच आहे, चिडण्यासारखंच चाललंय. पण कॅलिफोर्नियात राहत असाल तर तुमच्या हातात अजून एक गोष्ट आहे जी भारतात आपल्याला जवळजवळ कधी मिळालीच नाही, ती म्हणजे कायद्यावर थेट मत. महाराष्ट्रातलं आडवी बाटली-उभी बाटली ऐकलं असेल ना, गावातल्या बायका गुप्त मतदान करून दारूचं दुकान बंद करतात, तसं मतदान इथं घरभाडं, किमान पगार, सेल्स टॅक्स, शाळेचे बाँड (म्हणजे बांधकामासाठीचं कर्ज), जवळजवळ सगळ्यावर होतं आणि १९११ पासून होतंय. राज्याच्या प्रस्तावाला नंबर असतो, त्याला प्रॉप म्हणतात. शहराच्या किंवा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) प्रस्तावाला मेजर म्हणतात, त्याला बहुतेक ठिकाणी अक्षर असतं, मेजर ए, मेजर व्ही असं.

हे मेजर येतात मतपत्रिकेच्या शेवटी. वर गव्हर्नर, सिनेटर, जज, मग राज्याचे प्रॉप, आणि तिथपर्यंत पोचता पोचता लोक कंटाळलेले असतात, शेवटचं पान कोरंच राहतं. म्हणून तिथं थोडी मतंसुद्धा भारी पडतात, आणि तुमच्या सोसायटीतल्या वीस-पंचवीस घरांशी तुम्ही नीट बोललात तर फरक पडू शकतो अशी ही जागा आहे.

माझी बाजू आधीच सांगते म्हणजे गैरसमज नको. मी भाडेकरूंच्या, पगारावर जगणाऱ्यांच्या, सरकारी हॉस्पिटलच्या आणि बस-ट्रेनच्या बाजूची आहे. उदाहरणं त्याच बाजूची येतील. पण खाली सांगितलेली पद्धत कुणालाही वापरता येते, समोरचे ती आपल्यापेक्षा जास्त पैसे लावून वापरतातच.

पहिलं काम: आपल्याला काय चालतं आणि काय चालत नाही

हे आधी वाचा, बाकीचं नंतर. मत देणं आणि मतदार म्हणून नाव नोंदवणं फक्त नागरिकांसाठी. ग्रीन कार्ड असेल, एच-१बी असेल, एच-४ असेल, एफ-१ असेल, तर मतदार नोंदणीच्या कुठल्याही फॉर्मवर सही करायची नाही, चुकूनसुद्धा नाही. डीएमव्हीत लायसन्स काढताना नोंदणीचा प्रश्न येतो, तिथं घाईत टिक करू नका, कारण पुढं नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात सरळ विचारतात की कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का, कधी मत दिलं होतं का, आणि त्याचा त्रास फार मोठा होतो, अगदी देशाबाहेर काढण्यापर्यंत जातो. नोंदणीच्या टेबलावर बसून दुसऱ्याला मदत करत असाल तरी पहिला प्रश्न हाच विचारा, तुम्ही सिटिझन आहात ना?

पैशाचं वेगळं. ग्रीन कार्डवाले मेजरच्या मोहिमेला देणगी देऊ शकतात. व्हिसावरच्या लोकांनी एक डॉलरसुद्धा द्यायचा नाही, कॅलिफोर्नियात हा नियम उमेदवारांसारखाच मेजरनाही लागू आहे.

वेळ मात्र देता येतो. मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून काम करायला नागरिकत्व लागत नाही. भाषांतर, फोन, याद्या, टेबल लावणं, शिजवून आणणं, सिटी काउन्सिलमध्ये जाऊन बोलणं, यातलं काहीही करा. निदर्शनांना जायचा हक्कही सगळ्यांना आहे, पण व्हिसावर असताना अटक होण्याची शक्यता असलेल्या कृतीत उतरायचं का हे आधी वकिलाला विचारून ठरवा, सध्याचे दिवस बघता हे सांगावंच लागतं. आणि जे नागरिक आहेत त्यांनी हे लक्षात घ्या की तुमच्या शेजारचा व्हिसावरचा माणूस जे करू शकत नाही ते तुम्ही करू शकता, म्हणून तुमच्यावर जास्त जबाबदारी येते.

मंडळांबद्दल नेहमी विचारतात. आपली बहुतेक महाराष्ट्र मंडळं, मंदिरं, शाळा ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेल्या धर्मादाय संस्था असतात. अशा संस्थेनं उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरोधात एक शब्दही काढायचा नाही. पण मेजरचं तसं नाही, मेजरवर भूमिका घेता येते, ते लॉबिंगमध्ये धरलं जातं आणि त्याला मर्यादा आहे, पण बंदी नाही. त्यामुळं "आपलं मंडळ नॉन-प्रॉफिट आहे, आपण राजकारणावर बोलू शकत नाही" असं कमिटीत कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा की अर्धं बरोबर आहे. निदान मेजरची माहिती देणारी एक संध्याकाळ ठेवायला तर काहीच अडचण नाही.

दुसरं: मेजर वाचायचा कसा

नोंदणी असलेल्या प्रत्येक मतदाराला मतपत्रिका पोस्टानं येते, निवडणुकीच्या साधारण महिनाभर आधी. तिच्या आगेमागे काउंटीची माहितीपुस्तिका येते, ती रद्दीत टाकू नका. त्यात मेजरचा पूर्ण मजकूर असतो, सरकारी वकिलानं लिहिलेलं तटस्थ विश्लेषण असतं, बाजूचा आणि विरोधी युक्तिवाद असतो, आणि त्या युक्तिवादाला उत्तरही असतं. मी आधी सह्या बघते. युक्तिवादाखाली कोणाची नावं आहेत, नर्सेसची संघटना आहे का, शिक्षक आहेत का, घरमालकांची संघटना आहे का, चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना आहे का, तेवढ्यावरून निम्मं कळतं. मग विश्लेषण, आणि युक्तिवाद सगळ्यात शेवटी, कारण त्यात दोन्ही बाजू आवाज चढवून बोलतात.

'हो' म्हणजे नक्की काय ते कागदावर लिहून ठेवा. विधिमंडळानं केलेल्या कायद्याविरुद्ध कोणी सह्या गोळा करून तो मतदानाला लावला असेल तर 'हो' म्हणजे कायदा राहू दे आणि 'नाही' म्हणजे कायदा रद्द, असं २०२३ पर्यंत होतं; आता राज्याच्या अशा प्रॉपवर 'कायदा राहू दे' आणि 'कायदा रद्द करा' असेच पर्याय छापतात. २०१६ चा प्लास्टिक पिशव्यांवरचा प्रॉप ६७ आणि २०२२ चा फ्लेवर्ड तंबाखूवरचा प्रॉप ३१ असेच होते. ज्यांना कायदा नको होता त्यांनीच तो मतपत्रिकेवर आणला होता, म्हणून शिकलेसवरलेले लोकही गोंधळले, त्यांना वाटलं पिशव्या बंद करायच्या तर कशाला तरी 'नाही' म्हणायचं असेल.

मग बघायचं पास व्हायला किती टक्के लागतात. यात खरी मेख आहे आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण हे कळलं की इथलं अर्धं लोकल राजकारण उलगडतं.

१९७८ साली प्रॉप १३ आला. घर असो की व्यापारी मालमत्ता, प्रॉपर्टी टॅक्सला १ टक्क्याची मर्यादा आली, आणि मालमत्ता विकली जात नाही तोवर तिची करासाठीची किंमत वर्षाला फार तर २ टक्क्यांनीच वाढू शकते असं ठरलं. त्यामुळं शहरं, काउंट्या आणि शाळा पैशासाठी दुसरीकडं बघायला लागल्या, आणि त्यातही प्रॉप १३ नं व पुढं १९९६ च्या प्रॉप २१८ नं अटी घातल्या. कर ठरावीक कामासाठी राखून ठेवायचा असेल, म्हणजे समजा फक्त लायब्ररीसाठी, तर दोन तृतीयांश मतं लागतात. तोच कर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाणार असेल तर साधं बहुमत पुरतं. शाळांच्या बाँडला २००० सालच्या प्रॉप ३९ नंतर ५५ टक्के लागतात. आणि २०१७ मध्ये अपलँड शहराच्या एका खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टानं जो निकाल दिला त्यावरून पुढच्या कोर्टांनी असं धरलं की कर सरकारनं न आणता नागरिकांनी सह्या गोळा करून आणला तर राखीव कामासाठीही साधं बहुमत चालतं. सॅन फ्रान्सिस्कोचा २०१८ च्या नोव्हेंबरमधला प्रॉप सी (ते शहर आपल्या मेजरनाही प्रॉपच म्हणतं), मोठ्या कंपन्यांवर कर लावून बेघर लोकांसाठी घरं आणि सेवा, त्याला ६१ टक्के मिळाले, म्हणजे दोन तृतीयांशाच्या खाली, तरी तो कोर्टात टिकला तो याच मुद्द्यावर. सह्या गोळा करणाऱ्या माणसाच्या हातात किती जोर आहे ते यातून दिसतं.

बार्ट, कॅलट्रेन, मुनी या बस-ट्रेनच्या सेवा वाचवायला बे एरियाच्या पाच काउंट्यांत सेल्स टॅक्स लावायची वाट ज्या कायद्यानं मोकळी केली, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सही झालेला एसबी ६३ (एसबी म्हणजे राज्याच्या सिनेटमधलं विधेयक), त्यातही नोव्हेंबर २०२६ साठी नागरिकांच्या सह्यांचा रस्ता ठेवलाय तो यासाठीच.

तिसरं: पाणी कुठं मुरतंय ते बघा

मेजरच्या मोहिमेचा हिशोब जाहीर असतो. मेजरसाठी वर्षात २,००० डॉलर किंवा जास्त गोळा करणारा कोणताही गट कमिटी ठरतो आणि त्याला फॉर्म ४६० भरून देणाऱ्यांची नावं सांगावी लागतात. शहराच्या मेजरचे फॉर्म सिटी क्लार्ककडं, बहुतेक ठिकाणी वेबसाइटवरच. पत्रकाच्या खाली बारीक अक्षरात मोठे देणगीदार छापलेले असतात, तेही वाचा. "परवडणाऱ्या घरांसाठी नागरिक" अशा गोड नावाच्या कमिटीचे सगळे पैसे घरमालकांच्या संघटनेकडून आलेत असं निघू शकतं. २०२० चा प्रॉप २२ आठवा, उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरे कंपन्यांनी मिळून २० कोटी डॉलरच्या वर ओतले आणि ड्रायव्हरना कामगार न मानण्याचा कायदा मतदारांकडूनच करून घेतला. ही थेट मताची व्यवस्था पैशावाल्यांनाही तितकीच उघडी आहे हे मनात ठेवूनच कामाला लागायचं.

टार्गेट किंवा कॉस्टको दुकानाबाहेर कोणी सहीसाठी बोर्ड पुढं केला तर आधी "ऑफिशियल टॉप फंडर्स"चा कागद मागा. बऱ्याचदा त्या पोराला सहीमागं पैसे मिळत असतात, त्याच्यावर राग काढू नका, त्याचं पोट आहे. कागद वाचा आणि मग ठरवा.

पैसा जास्त म्हणजे जिंकलेच असंही नाही. २०१४ मध्ये बर्कलीनं साखरेच्या पेयांवर औंसाला एक सेंट कर लावला, देशात पहिल्यांदा, पेय कंपन्यांनी २० लाख डॉलरच्या वर खर्च करूनसुद्धा ७६ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं.

चौथं: एकच मेजर निवडा

नवीन माणूस उत्साहात पाच मोहिमांच्या यादीत नाव घालतो, पाचही ठिकाणचे मेसेज यायला लागतात आणि दोन आठवड्यांत तो सगळं म्यूट करतो. एकच घ्या. ज्याचा परिणाम तुम्हाला रोज दिसतो असा घ्या, कारण दारावर उभं राहिल्यावर तुम्हाला स्वतःच्या शब्दात सांगता आलं पाहिजे.

सॅन होजेचं उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत स्कॉट मायर्स-लिप्टन नावाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक, त्यांच्या वर्गात सामाजिक प्रश्नावर नुसतं शिकायचं नाही तर काहीतरी करायचं असा रिवाज. तिथल्या विद्यार्थ्यांनी किमान पगार ताशी ८ डॉलरवरून १० करायचा प्रस्ताव काढला, कामगार संघटना आणि चर्च-समाजसेवी लोक सोबत घेतले, सह्या गोळा केल्या, आणि २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये तो मेजर डी म्हणून मतपत्रिकेवर आला. चेंबर विरोधात, मेयर विरोधात. लोकांनी साठ टक्क्यांच्या आसपास मतं देऊन पास केला आणि २०१३ च्या मार्चपासून तो लागू झाला. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे की त्यांनी पगार महागाईला जोडून टाकला, त्यामुळं दरवर्षी पुन्हा भांडावं लागलं नाही, २०२५ मध्ये तो १७.९५ डॉलर होता तर राज्याचा १६.५०. आपण ज्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये जेवतो तिथं मागं भांडी घासणाऱ्याच्या खिशात तो फरक जातो.

असा मेजर स्वतः आणायचा असेल तर ढोबळ नियम असा की शहरातल्या नोंदणीकृत मतदारांच्या १० टक्के वैध सह्या, १८० दिवसांत. पण स्वतःची सनद असलेल्या शहरांचे आकडे वेगळे असतात, म्हणून पहिल्याच दिवशी सिटी क्लार्कला विचारा, ते सांगतात, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. मजकूर मात्र वकिलाकडून लिहून घ्या. सुंदर कल्पना एका ढिसाळ वाक्यापायी कोर्टात पडते. पहिल्या वर्षी मात्र मी सांगेन दुसऱ्यांनी आणलेल्या मेजरवरच काम करा आणि बघून शिका.

सह्या गोळा करायला बसलात तर काही बारीक गोष्टी. सही करणारा त्याच शहराचा नोंदणीकृत मतदार हवा, सनीवेलच्या पिटिशनवर सांता क्लाराच्या माणसाची सही बाद. पत्ता त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचा, घराचाच लिहायचा, पोस्ट बॉक्स चालत नाही, आणि नोंदणीत आहे तोच लिहायचा, नुकतं घर बदललेले लोक इथं हमखास बाद होतात. आपल्याकडं आडनाव आधी लिहायची सवय असते, नवऱ्यानं बायकोच्या नावानं सही करून टाकायची सवय असते, दोन्ही चालणार नाही, नम्रपणे सांगा. बाद होणाऱ्या सह्या धरून लागतात त्यापेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त घ्या. बोर्ड पोटाशी धरून उभे राहू नका, समोरच्याच्या हातात द्या, पेन दोरीनं बांधून ठेवा, आणि इंडियन ग्रोसरीबाहेर उभं राहायचं तर रविवारी दुपारी चारनंतर, पण आधी दुकानदाराला विचारून.

पाचवं: दारावर

हेच मुख्य काम. बाकी सगळं याच्या तयारीसाठी.

मोहीम तुम्हाला फोनवर यादी देते, कुठल्या घरात कोण मतदार आहे, वय काय, मागच्या निवडणुकांत मत दिलं होतं का. कोणाला दिलं ते कोणालाच दिसत नाही, हे लोकांना सांगा, बरेच जण घाबरतात. बेल वाजवा आणि दोन पावलं मागं या, दाराला चिकटून उभं राहू नका. नाव सांगा, कुठं राहता ते सांगा, "मी इथंच पलीकडच्या गल्लीत राहते" या वाक्यानं जेवढं दार उघडतं तेवढं कुठल्या पत्रकानं उघडत नाही. मग प्रश्न विचारा आणि गप्प बसा. माहिती नंतर.

सांता क्लारा काउंटीचा २०२५ चा मेजर ए घ्या. जुलैमध्ये वॉशिंग्टनमध्ये एच.आर. १ या मोठ्या कर-खर्चाच्या कायद्यावर सही झाली, मेडिकेडचे, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचे पैसे कापले जाणार हे ठरलं, आणि काउंटी तर चार हॉस्पिटलं चालवते, व्हॅली मेडिकल सेंटर त्यातलंच. पाच वर्षांसाठी ०.६२५ टक्के सेल्स टॅक्स असा प्रस्ताव ४ नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आला. आपल्या लोकांच्या दारावर पहिलं वाक्य यायचं, "अजून टॅक्स? किती भरायचा माणसानं?" आता याला भाषण ठोकून उपयोग नाही. शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेबासष्ट सेंट, घरी शिजवायच्या किराण्यावर नाही, एवढंच सांगायचं आणि विचारायचं, "तुमच्या घरी कधी इमर्जन्सीत जावं लागलं का हो?" मग ते बोलतात. कोणाचे वडील भारतातून आलेले असताना पडले होते, कोणाची बाई कामाला येते तिचा मेडी-कॅल (कॅलिफोर्नियातला मेडिकेड) आहे, कोणी स्वतः कंपनीच्या उत्तम इन्शुरन्सवर आहे पण अॅक्सिडेंट झाला तेव्हा अॅम्ब्युलन्सनं व्हॅलीलाच नेलं होतं. ट्रॉमा सेंटर बंद पडलं तर गुगलच्या इन्शुरन्सलाही दुसरं जवळ मिळत नाही, हे त्यांचं त्यांनाच सुचतं. मेजर ए ५७ टक्क्यांच्या आसपास मतांनी पास झाला.

सेल्स टॅक्स गरिबाला जास्त टोचतो हा आक्षेप खरा आहे, आणि तो घेणाऱ्याला झटकू नका. मलाही श्रीमंतांवरचा कर जास्त पसंत आहे. व्यापारी मालमत्तेवरचं प्रॉप १३ चं कवच काढायचा प्रयत्न २०२० मध्ये प्रॉप १५ नं केला, ४८ टक्क्यांवर थांबला. म्हणून काउंटीच्या हातात हेच हत्यार उरलं. हे असं उघड सांगितलं की माणसं ऐकतात, कारण आपण त्यांना काही लपवून विकत नाही हे त्यांना कळतं.

ठाम 'नाही' असेल तर आभार मानून पुढचं घर. वाद घालण्यात जे दहा मिनिटं जातात त्यात 'अजून ठरवलं नाही' वाली तीन घरं होतात, आणि आपल्याला तीच हवी असतात. उत्तर लगेच अॅपमध्ये टाका, संध्याकाळी घरी जाऊन आठवत नाही. पत्रक दाराच्या कडीला अडकवा, पोस्टाच्या पेटीत कधीच टाकू नका, पोस्टाचं तिकीट नसलेलं काही तिथं टाकणं फेडरल कायद्यानं गुन्हा आहे. पाणी, टोपी, चांगले बूट, आणि एकटं जायचं नाही.

आपल्या इमारतीत सुट्टीत आलेले आईबाबा असतील तर त्यांनाही बाकावर बसून समजावून सांगा. त्यांना मत नाही हे खरं, पण रात्री जेवताना मुलाला "ते हॉस्पिटलचं काय ते वाचलंस का रे" असं विचारणारे तेच असतात.

सहावं: काउन्सिलमध्ये बोलणं

बरेच मेजर सह्यांनी नाही तर सिटी काउन्सिलच्या ठरावानं मतपत्रिकेवर येतात, म्हणून तिथं हजेरी हवी. १९५३ च्या ब्राऊन अॅक्टमुळं नेहमीच्या बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि लोकांना बोलू द्यावं लागतं. एक ते तीन मिनिटं मिळतात, गर्दी असेल तर एकच. तयारी दीड मिनिटाची करून जा, पहिल्याच वाक्यात कुठल्या विषयावर आणि काय हवंय ते सांगा, मग स्वतःचा एक अनुभव, संपलं. इंग्रजी तोडकंमोडकं असेल तर असू दे. नागरिकत्व तिथं कोणी विचारत नाही, नाव सांगणंही सक्तीचं नाही.

आपल्यातल्या काहींनी हे करून दाखवलंय. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत सिअॅटलच्या काउन्सिलवर २०१३ ला निवडून आल्या, २०१४ मध्ये तिथं १५ डॉलर किमान पगाराचा कायदा झाला तो आपोआप नाही, बाहेर कार्यकर्ते मेजरसाठी सह्या गोळा करत होते आणि तुम्ही केलं नाही तर आम्ही मतदानाला लावू हा दबाव होता. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच काउन्सिलनं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. कॅलिफोर्नियात तसाच एसबी ४०३ दोन्ही सभागृहांतून गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केला. त्या काळात आपल्या काही ग्रुपांवर जे लिहिलं गेलं ते वाचून मला लाज वाटली, आणि आंबेडकरी कार्यकर्ते तासन्‌तास रांगेत उभे राहून एकेक मिनिट बोलत होते ते बघून आपलं काम काय आहे तेही कळलं. राज्यात अडलं तरी शहराचं दार उघडं असतं, फ्रेस्नोनं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केलंच.

शेवटचे दहा दिवस

आता कोणाचं मन वळवायचं नाही. जे आपल्या बाजूचे आहेत त्यांनी मतपत्रिका पाठवली का एवढंच बघायचं. टेबलावर बिलांच्या ढिगाखाली ती पडलेली असते, खरंच. पाकिटावर सही हवी, आणि ती नोंदणीतल्या सहीशी जुळायला हवी, नाही जुळली तर काउंटी कळवते आणि दुरुस्त करायची मुदत देते, ते पत्र आलं तर लगेच उत्तर द्या. पोस्टाला स्टॅम्प लागत नाही. शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा हवा आणि पाकीट सात दिवसांत पोचायला हवं, पण पेटीत टाकलं त्याच दिवशी शिक्का बसतो या भरवशावर राहू नका, शेवटच्या आठवड्यात सरळ ड्रॉप बॉक्समध्ये टाका. शेजारच्या आजींचं पाकीट तुम्ही नेऊन टाकू शकता, कायद्याला चालतं, पाकिटामागे पैसे घ्यायचे नाहीत एवढंच. नोंदणीची मुदत १५ दिवस आधी संपते, पण राहून गेली असेल तर मतदान केंद्रावर जाऊन त्याच दिवशीही होते. केंद्राच्या १०० फुटांच्या आत बिल्ला, टी-शर्ट, पत्रक काही नाही.

निकाल रात्री कळेलच असं नाही. पोस्टाची मतं मोजायला आठवडे जातात आणि पहिल्या रात्री ४९ वर असलेला मेजर दहा दिवसांनी पास झालेला असतो, कारण उशिरा येणारी मतं बऱ्याचदा तरुणांची आणि भाडेकरूंची असतात. लगेच ग्रुपवर शोकसभा भरवू नका.

आणि जिंकल्यावर घरी जाऊन बसू नका. माउंटन व्ह्यूचं उदाहरण बघा, कारण तिथं आपली पुष्कळ माणसं भाड्यानं राहतात. २०१६ मध्ये भाडेकरूंनी सह्या गोळा करून मेजर व्ही आणला, जुन्या अपार्टमेंटचं भाडं वर्षाला महागाईच्या हिशोबानं २ ते ५ टक्क्यांच्या मध्येच वाढेल आणि कारण दिल्याशिवाय घराबाहेर काढता येणार नाही. काउन्सिलनं समोर स्वतःचा सौम्य मेजर डब्ल्यू ठेवला. व्ही जिंकला, डब्ल्यू पडला. लगेच घरमालकांची संघटना कोर्टात गेली आणि काही महिने अंमलबजावणी अडकली. मग २०२० च्या मार्चमध्ये काउन्सिलनंच मेजर डी आणून व्ही ढिला करायचा प्रयत्न केला, तेव्हा तेच लोक पुन्हा दारोदार फिरले आणि तो मोठ्या फरकानं पडला. मेजर पास झाल्यावर भाडं ठरवणारी कमिटी असते, कराचा पैसा कुठं जातो ते बघणारी देखरेख समिती असते, त्यांच्या बैठकांना मोजून चार माणसं येतात, त्यातली दोन घरमालकांची. सिटी क्लार्कच्या वेबसाइटवर 'बोर्ड्स अँड कमिशन्स' म्हणून पान असतं, रिकाम्या जागांची यादी आणि शेवटची तारीख तिथं मिळते. काही शहरांत त्यासाठी मतदार असणंही लागत नाही, रहिवासी असलं तरी पुरतं. अर्ज तीन-चार पानांचा असतो, एका संध्याकाळी भरून होतो.